एर्लेनगुंडची ढाल

बातमी आली तो धुण्याचा दिवस होता, असे सांगतात. जर्मनीतल्या एर्लेनगुंड या लहानशा गावात पाहुणे आले की ओटिलीबाई त्यांना आधी चर्चमध्ये नेत नाहीत, ओढ्यावर नेतात. चर्चच्या किल्ल्या त्यांच्या घरात पिढीजात आहेत आणि गोष्ट कुठून सुरू करायची हेही पिढीजात. ओढ्यात झिजून गुळगुळीत झालेले रुंद दगड आहेत. वर टेकडीवर गढीची एकच भिंत उभी आहे. "इथेच," त्या म्हणतात, "इथेच मेख्टिल्ड उभी होती."

मेख्टिल्ड ही त्या गढीची धनीण. नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुलगे. टेकडीपासून नदीपर्यंतची गावे, द्राक्षांचे मळे, पाणचक्की, हे सगळे बिशपने फॉन एर्लेनगुंड घराण्याला दिलेले वतन. अट एकच होती. घराण्यात पुरुष वारस आहे तोवर जमीन त्यांची, नंतर ती बिशपकडे परत. म्हणून या घराण्याने एक रीत धरून ठेवली होती. थोरला मुलगा जमीन सांभाळी. धाकट्याला लहानपणीच शहरातल्या कथीड्रलमध्ये जागा मिळे आणि जागेचे उत्पन्नही मिळे; पण पूर्ण गुरुदीक्षा त्याला कधी घेऊ देत नसत. तो खालच्या पायरीवरच थांबे. थोरल्याचे काही बरेवाईट झाले, तर झगा उतरवून घरी यायला आणि लग्न करायला त्याला वाट मोकळी राही. शेकडो वर्षे हे घराणे त्या मोकळ्या वाटेवरच टिकले, म्हणे.

ती वाट मेख्टिल्डने आपल्या हाताने बंद केली.

थोरला एकहार्ट सम्राटाच्या फौजेबरोबर आल्प्सपलीकडे गेला होता. परतल्यावर त्याचे लग्न व्हायचे होते. हिवाळ्याच्या तोंडावर एका यात्रेकरूने निरोप आणला, की तो तिकडे तापाने अंथरुणाला खिळला आहे. त्यानंतर घाट बर्फाने बंद झाले. पुढे ना माणूस आला, ना खबर. मेख्टिल्डचे जेवण सुटले. आपले घराणे देवाला नेहमी अर्धाच मुलगा देत आले, त्याचीच ही शिक्षा, असे तिच्या मनाने घेतले. चर्चच्या गार फरशीवर गुडघे टेकून ती नवस बोलली: एकहार्ट उठू दे, धाकटा पुरता तुझा.

धाकट्या उडोला शिकारीचा नाद. कथीड्रलमध्ये प्रार्थनेच्या वेळी तो डुलक्या काढत असे.

"आई, थट्टा करतेस ना?" तो म्हणाला. "माझ्या तोंडची मिस्सेची प्रार्थना ऐकून देव उठून जाईल."

ती हसली नाही. मग त्याचेही हसू मावळले.

"एकदा हाताला दीक्षेचं तेल लागलं की मला परत येता येणार नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"परत यायची वेळच येणार नाही. एकहार्ट येतोय."

एवढ्या शब्दावर उडोने दीक्षा घेतली.

बर्फ वितळले. हिवाळाभर साठलेले कपडे राखेच्या पाण्यात उकळून बायकांनी ओढ्यावर आणले. एकहार्टच्या अंथरुणाच्या चादरी मेख्टिल्डने स्वतः धुवायला घेतल्या होत्या. तेवढ्यात रस्त्यावर त्याचा मोतद्दार याकोब दिसला. दोन घोडे हाताने धरून तो चालत येत होता.

"आलात एकदाचे!" एक धोबीण ओरडली. "धनी कुठे राहिले रे? तिकडची एखादी गोरटी पटवली की काय?"

मेख्टिल्डसमोर येऊन याकोबने टोपी काढली. "बाईसाहेब, घाट बंद होते. मला येता आलं नाही."

"कधी?"

"पहिलं बर्फ पडायच्या आधीच."

म्हणजे ती नवस बोलली तेव्हा तो मातीखाली होता. हातातली चादर तिने शेवटपर्यंत पिळली, गवतावर पसरली आणि घोडा मागवला, असे सांगतात.

शहरात बिशपने तिचे म्हणणे उभ्या उभ्याच ऐकून घेतले. "देवानं फसवलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"देवानं नाही. मीच घाई केली. माझा मुलगा मला परत द्या."

"बाई, दिलेलं असं परत करत बसलो तर आमच्या कथीड्रलवर छप्परही उरणार नाही." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मुलानं स्वतः मागितलं, तर रोमला विचारता येईल. तुम्ही मागून नाही."

ती तशीच उडोकडे गेली. त्याने तिला बसायला दिले, भावासाठी तो रडलाही. रोमचे ऐकल्यावर मात्र त्याने डोळे पुसले.

"आई, एकहार्टसाठी तू मला दिलंस. आता जमिनीसाठी परत मागतेस. माझ्यासाठी कधी काही मागितलंस का?"

उडोने रोमकडे काही मागितले नाही. त्याने मागितले ते एर्लेनगुंडचे लहान चर्च, आणि तिथला धर्मगुरू होऊन तो आला. मेख्टिल्ड रोज पुढच्या बाकावर बसे. इतर बायकांना म्हणे तसे तो तिलाही "बाई" म्हणे. गढीवर तो जेवायला कधी गेला नाही. पुढे गावात प्लेगची साथ आली. घरोघर जाऊन मरणाऱ्यांच्या उशाशी बसताना त्यालाही ती लागली. निरोप मिळताच मेख्टिल्ड टेकडी उतरून धावली. ती पोचेपर्यंत त्याच्या तोंडावर कापड ओढलेले होते.

सरदार घराण्यांत एक रिवाज असे. शेवटचा पुरुष गेला की घराण्याची ढाल उलटी धरायची, जवळच्या नातलगाने ती हातोड्याने फोडायची, तुकडे शवपेटीवर ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे की हे घराणे होते, आता नाही. जवळचे असे मेख्टिल्डशिवाय कोणी उरले नव्हते. बिशपचा माणूस वतन ताब्यात घ्यायला दाराशीच उभा होता. त्याने हातोडा तिच्या हातात दिला. तिने तो उचलला, पेटीकडे पाहिले आणि म्हणाली, "थांबा जरा."

लोक थांबले. मेणबत्त्या संपल्या, नव्या लावल्या. शेवटी ढाल न फोडताच पेटी खाली उतरवली. बिशपने जमीन घेतलीच. मेख्टिल्ड मात्र त्यानंतर रोज चर्चमध्ये हातोडा मांडीवर घेऊन ढालीसमोर बसत असे, आणि एका सकाळी तशीच बसलेली सापडली, म्हणे.

आजही एर्लेनगुंडला उडोच्या जागेवर नवा धर्मगुरू आला, की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याच्या हातात तो हातोडा देते आणि म्हणते, "थांबा जरा." तो थोडा वेळ उभा राहतो आणि हातोडा परत करतो. ढाल चर्चच्या भिंतीवर उलटी टांगलेली आहे. ती फोडायची राहिली आहे.