कंसातलं कारण

“मग कॉपी नाही तर काय म्हणायचं याला, गुरुजी?”

केदार येळवंडेने उत्तरपत्रिका फरशीवर ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबून धरला. वारा नव्हता, तरी धरला.

मुजावर गुरुजी दर्ग्याच्या अंगणात, लिंबाच्या सावलीला बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी गावच्या हायस्कुलात भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यापासून दुपार इथेच जायची, अंगण झाडण्यात आणि मग गप्प बसण्यात. केदार त्यांचाच विद्यार्थी. आता त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच फळ्यासमोर तो तोच विषय शिकवत होता. आपण गुरुजींपेक्षा बरं शिकवतो असं त्याचं मत होतं आणि ते त्याने कुणापासून लपवलं नव्हतं.

“कुणाचा पेपर?”

“अंबिका कोळेकर. नववी ब.”

“बरी आहे का?”

“कशात?”

“तब्येतीनं.”

केदारला हा प्रश्नच संशयास्पद वाटला. म्हातारा मुद्दा टाळतोय, असं त्याच्या मनात आलं.

“तब्येतीला काय होतंय तिच्या! दिवाळीनंतर दोन महिने शाळेत नाही. आईबापाबरोबर मेंढरांमागं. सहामाहीला चाळीसपैकी नऊ. आणि वार्षिकला... हे.”

त्याने हात उचलला. गुरुजींनी चष्मा चढवला.

प्रश्न नेहमीचा होता. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असतील, तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे असतात, हे सिद्ध करा. गुण चार. पुस्तकात त्याची सिद्धता आहे. वरचा कोन दुभागणारी रेघ खालच्या बाजूपर्यंत आणायची, त्रिकोणाचे दोन तुकडे करायचे आणि ते सारखे असल्याचं दाखवायचं. पोरांच्या पिढ्या ती रेघ काढत आल्या आहेत.

अंबिकाने रेघच काढली नव्हती.

तिने लिहिलं होतं: पहिला त्रिकोण एबीसी, दुसरा त्रिकोण एसीबी. एबी ही एसीएवढी, हे दिलेलंच आहे. एसी ही एबीएवढी, तेही दिलेलंच आहे. बीसी आणि सीबी ही तर एकच बाजू. म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप, म्हणून कोन बी आणि कोन सी सारखे. संपलं. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण होतं. खाडाखोड कुठे नव्हती. खाली लाल शाईत, चांगला गुबगुबीत भोपळा.

“दुसरा त्रिकोण आहे कुठं?” केदार म्हणाला. “आकृती एक. त्रिकोण एक. तोच उलट्या नावानं परत घेतलाय. हे नववीतल्या पोरीचं डोकं वाटतं तुम्हाला? मी स्वतः एम.एस्सी.ला गेल्यावर पहिल्यांदा वाचलं हे.”

“म्हणजे बरोबर आहे.”

“बरोबर आहे म्हणून तर संशय येतो ना, गुरुजी!”

गुरुजींनी मान हलवली. होकार की नुसतीच मान, ते कळलं नाही.

“झडती घेतलीस?”

“कंपासपेटी, दप्तर, ओढणीचं टोकसुद्धा मॅडमकडून तपासून घेतलं.”

“काय मिळालं?”

“काही नाही. म्हणजे चांगलीच सराईत आहे.”

“आणि मिळालं असतं तर?”

“तर काय... मग प्रश्नच मिटला.”

“बरंय,” गुरुजी म्हणाले. “सुटायला कुठनंच वाट ठेवली नाहीस.”

केदारने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“तिला विचारलंस?”

“विचारलं. सगळ्या वर्गासमोर उभी केली. म्हटलं, दुसरा त्रिकोण दाखव. तर मला म्हणते, कागद पालथा करून बघा की, सर. मला! पोरं फिदीफिदी हसली.”

त्याचे कान अजून लाल होते. परवाची गोष्ट, तरी लाल होते.

गुरुजींनी पेपर उचलला. पालथा केला. लिंबाच्या फांद्यांतून ऊन येत होतं तिकडे धरला.

कागदातून त्रिकोण दिसला. बी होता तिथे सी गेला होता, सी होता तिथे बी. त्रिकोण जसाच्या तसा, रेघेवर रेघ.

गुरुजी बराच वेळ बघत राहिले...

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. साधा, लहान पोराचा असतो तसा. केदारला मात्र त्यातही कुठंतरी पाणी मुरतंय असंच वाटलं.

“बघ.”

“बघितलं. तेही पढवून ठेवलंय तिला. ज्यानं उत्तर पुरवलं त्यानंच.”

“कुणी?”

“शोधतोय. क्लासवाला असेल एखादा.”

“मेंढरांमागं माळावर क्लासवाला गेला होता?”

“भावाकडं मोबाईल आहे तिच्या.”

केदारकडे प्रत्येक उत्तरावर नवा संशय तयार होता, एक भाकरी तव्यावरून उतरायच्या आत दुसरी थापलेली असावी तसा.

त्याने पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. अहवाल. कुमारी अंबिका कोळेकर हिने वार्षिक परीक्षेत गैरप्रकार केल्याचे निदर्शनास आले आहे, सबब तिला नापास ठरवून पालकांना शाळेत बोलावण्यात यावे, वगैरे. पाच वाजता मुख्याध्यापकांकडे बैठक होती. मुख्याध्यापकांची अट एकच. मुजावर गुरुजींनी पेपर बघून सही केली तर पुढे न्यायचं, नाहीतर नाही.

“बाप काय म्हणतो तिचा?”

केदारने नजर दुसरीकडे वळवली.

“म्हणतो, आता शाळेतनं बोलावणं आलं तर दप्तर चुलीत आणि पोरगी मेंढरांमागं. कायमची.”

“म्हणजे माझ्या सहीनं तिची शाळा सुटणार.”

“तिच्या कॉपीनं सुटणार, गुरुजी. आपण का वाईटपणा घ्यायचा?”

“हं...”

केदारने पेन पुढे केलं. गुरुजींनी ते घेतलं नाही.

“खडू आहे?”

खडू असतोच. केदारच्या शर्टाच्या खिशात कायम दोन तुकडे असायचे, रविवारीसुद्धा.

“सिद्ध कर,” गुरुजी म्हणाले.

“काय?”

“हेच. या फरशीवर. पक्ष, साध्य, सिद्धता. पोरांकडनं घेतोस तसं. प्रत्येक ओळीपुढं कंसात कारण. जमलं की सही करतो.”

केदार हसला. हे तर घरचंच काम. पक्ष म्हणजे आधी दिलेलं, ज्याबद्दल वाद नाही ते. साध्य म्हणजे दाखवून द्यायचं ते. आणि सिद्धतेतली कुठलीही ओळ कंसातल्या कारणाशिवाय उभी राहत नाही. कंस रिकामा दिसला की अर्धा गुण कापणारा मास्तर, अशी केदारची तालुक्यात ख्याती होती.

तो उकिडवा बसला आणि शहाबादी फरशीवर वळणदार अक्षरात लिहू लागला.

पक्ष: अंबिका दोन महिने शाळेत नव्हती. अंबिकाला सहामाहीत नऊ गुण होते. अंबिकाने वार्षिकला एकही खाडाखोड न करता अवघड सिद्धता लिहिली.

साध्य: अंबिकाने कॉपी केली.

सिद्धता...

इथे तो जरा थांबला. मग लिहिलं: दोन महिने शाळेत नसलेल्या, नऊ गुणांच्या मुलाला अशी सिद्धता स्वतःची स्वतः सुचत नाही. म्हणून अंबिकाने ती पाहून लिहिली.

“पहिल्या ओळीचा कंस?” गुरुजींनी विचारलं.

“अं?”

“सुचत नाही म्हणतोस. कारण?”

“उघड आहे.”

“कंसात ‘उघड आहे’ लिहिलेलं चालतं तुला?”

केदारने खडू बोटांत फिरवला. दर्ग्याच्या कट्ट्यावर एक कबुतर उतरलं, त्याने दाणे टिपले, ते उडून गेलं. केदारचं अजून ठरत नव्हतं.

शेवटी त्याने लिहिलं: (अनुभव).

“अनुभवानं सांगतो, गुरुजी. अशी पोरं मला कळतात. चेहऱ्यावरून कळतात. पेपर देताना मान कशी खाली घालतात, तेवढ्यावरून कळतं.”

“कुणाचा अनुभव?”

“म्हणजे?”

“कंसात अनुभव लिहिलास. कुणाचा?”

“...माझा.”

“मग तिचं नाव पूस,” गुरुजी म्हणाले. “ज्याचा अनुभव त्याचं लिही.”

केदार हलला नाही.

ऊन फरशीवर सरकत होतं. अक्षरं अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. गुरुजी वाट बघत होते, पण घाई करत नव्हते. रागावलेलेही नव्हते. रागावले असते तर केदारला बरं वाटलं असतं, कारण रागाला त्याच्याकडे उत्तर होतं.

त्याने अंगठ्याने ‘अंबिका’ पुसलं. पहिल्या ओळीतलं, दुसऱ्या, तिसऱ्या. तिथे ‘केदार’ लिहिलं.

केदार दोन महिने शाळेत नव्हता.

“वीटभट्टीवर होतो,” तो हळूच म्हणाला. “आईबरोबर. नववीतच.”

“हो.”

“सहामाहीला नऊ नव्हते.”

“अकरा होते.”

केदारने चमकून वर पाहिलं. एकोणीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. त्याने दोन्ही ठिकाणचे नऊ पुसून अकरा लिहिले.

मग साध्य. तिथे नाव बदलताना खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने त्याने लिहिलं: केदारने कॉपी केली. शेवटच्या ओळीतही नाव बदललं. म्हणून केदारने ती पाहून लिहिली.

आता ‘अनुभव’ या शब्दाकडे तो बघत बसला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. एवढा मोठा मास्तर, पण शरमेने बसल्या जागी लहान झाला. त्याने तो शब्द पुसला. पुसूनही पांढरट डाग राहिला, त्याच्यावरच नवा शब्द लिहिला.

(पक्ष).

आधीच दिलेलं. ज्याबद्दल वाद नाही ते.

“गाईडचं पान होतं, गुरुजी,” तो म्हणाला. “पॅडच्या चिमट्याखाली. भीती वाटत होती की नापास झालो तर आई परत भट्टीवर नेईल. तुम्ही ती सिद्धता मला फळ्यावर लिहायला लावलीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या...”

“वाजवल्या.”

“त्यानंतर कधीच नाही केली. एकदाही नाही. पुन्हा फळ्यावर बोलावलंत तर काय करू, या धसक्यानं सगळं पुस्तक समजून घेतलं.”

“ठाऊक आहे.”

केदारने अहवाल उचलला. उभा फाडला, मग आडवा. तुकडे पिशवीत टाकले. मग पेपर मांडीवर घेतला, लाल पेनाने भोपळ्यावर काट मारली, शेजारी चार लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

तरी त्याचा हात पेपरवरून उठेना. सवय कुठे लगेच जाते?

“पण गुरुजी... तिनं खरंच केली असेल तर?”

“असेल.”

एवढंच म्हणाले. गुरुजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

केदार उठला. पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं गेला. आणि मघाचा एक शब्द त्याला आता कुठे लागला. तो वळला.

“ठाऊक आहे म्हणालात. काय ठाऊक आहे? त्यानंतर केली नाही ते... की तेव्हा केली ते?”

गुरुजी चष्मा पुसत राहिले.

“तुम्हाला कळलं होतं?”

गुरुजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“त्याच दिवशी?”

“पेपर हातात घेतल्याबरोबर.”

केदारच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही.

“मग मला चारपैकी चार का दिलेत, गुरुजी?”

“तेव्हा नुसतं दिसत होतं,” गुरुजी म्हणाले. “सिद्ध आज झालं.”