चिंच गटातली गोदा

एका गावात एक गुरुजी होते आणि त्यांना वाटण्या करायची भारी हौस होती. फळ्याखालचे खडूसुद्धा ते लांबीप्रमाणे लावून ठेवत. नाव सोपान गुरुजी. माणूस कष्टाळू, पोरांवर जीव लावणारा. फक्त एकदा एखादी वस्तू जागेवर ठेवली की ती तिथून हललेली त्यांना खपत नसे.

एका वर्षी शाळेचं छप्पर उतरवून नवं घालायचं ठरलं आणि चार महिने शाळा मोबाईलवर आली. गुरुजींनी सातवीच्या वर्गाला पंधरा प्रश्नांची एक चाचणी पाठवली. उत्तरं आली तशी त्यांनी वर्गाचे तीन गट पाडले. हुशार मुलं आंबा गटात, मधली पेरू गटात आणि कच्ची चिंच गटात. कोणाला वाईट वाटू नये म्हणून फळांची नावं! पण पोरं काय दुधखुळी असतात? संध्याकाळच्या आत अख्ख्या गावाला कळलं, चिंच म्हणजे काय ते.

बरं, गुरुजींचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. सगळ्यांना एकच गणित दिलं, तर कोणी कंटाळतं आणि कोणी रडतं. म्हणून आंबा गटाला डोकं चालवायची गणितं जात, पेरू गटाला पुस्तकातली आणि चिंच गटाला दहापर्यंतचे पाढे आणि शुद्धलेखन.

कुंभार आळीतली गोदा चिंच गटात पडली होती. घरात फोन एकच. तो दिवसभर बापाबरोबर मडकी विकत हिंडायचा आणि दिवेलागणीला घरी यायचा, तो जेमतेम जीव धरून. चाचणीच्या दिवशी गोदाची सात उत्तरं लिहून झाली आणि फोन बंद पडला. पंधरापैकी सात. गुरुजींनी आकडा बघितला आणि पोरीला चिंचेत टाकलं.

पुढे महिनाभर गोदा पाढे लिहीत होती. बे एके बे! तिचा नुसता संताप व्हायचा. त्यातच गुरुजींचा निरोप आला, तालुक्याच्या निवासी शाळेच्या परीक्षेला आपल्या शाळेतून दोन मुलं बसतील आणि ती आंबा गटातली असतील. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर गोदाला ही एकच वाट होती. नाहीतर आईशेजारी बसून माती मळायची.

तिने शेजारच्या मंदाच्या फोनवर आंबा गटाचं गणित बघून घेतलं. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर उंच हौद. पंधरा लिटरच्या घागरीने भरायला किती घागरी लागतील? गोदाने ते सोडवलं आणि पाढ्यांच्या पानाबरोबर त्याचाही फोटो गुरुजींना पाठवला.

गुरुजींनी उत्तर बघितलं. दोनशे. बरोबर! आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. चिंच गटातल्या मुलीला हे येईलच कसं? त्यांनी खाली लिहिलं, 'दुसऱ्याचं बघून लिहू नये. आपल्या गटाचा अभ्यास करावा.'

गोदा त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई अनुसया पदराला हात पुसत गुरुजींच्या दारात उभी राहिली. गोदा तिच्या मागे वही छातीशी धरून होती.

"गुरुजी, मला वाचता येत नाही," अनुसया म्हणाली. "पोरीने काय लिहिलंय ते एवढं मोठ्याने वाचून दाखवा."

गुरुजींनी वाचलं. दोनशे घागरी. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती काल त्यांनी बघितलीच नव्हती. 'पण भरलेली घागर चालताना हिंदकळते, म्हणून पाच-सहा घागरी जास्त धराव्यात.'

"आता मंदाचं वाचा."

गुरुजींनी फोन काढून मंदाचं पान उघडलं. मग आंबा गटातल्या सगळ्यांची पानं चाळली. दोनशे, दोनशे, दोनशे. घागर कोणाचीच हिंदकळली नव्हती.

"हे कोणाचं बघून लिहिलं, गुरुजी?" अनुसयाने विचारलं.

गुरुजींनी फोन खाली ठेवला.

"आम्ही मडकं वाजवून घेतो," ती म्हणाली. "पण भाजल्यावर. कच्चं वाजवलं तर सगळीच बद्द वाजतात. आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर परत वाजवतो. काल वाजवलं होतं म्हणून कोणी घेत नाही."

चाचणीच्या दिवशी सात उत्तरांनंतर फोन बंद पडला होता, तेही तिने सांगितलं. गुरुजींची मान खाली गेली. ते गोदाला म्हणाले, "अगं, त्या दिवशी फोन बंद पडला हे मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंच नाही, गुरुजी," गोदा म्हणाली. "तुम्ही नुसता गट पाठवला."

ते शब्द गुरुजींच्या फार जिव्हारी लागले. परीक्षेची दोन नावं तर त्यांनी आदल्या दिवशीच आंबा गटाच्या पालकांना सांगून टाकली होती. आता शब्द फिरवायचा म्हणजे गावभर शोभा. पण समोर ती पोर वही धरून उभी होती. गुरुजींनी तिथेच फोन हातात घेतला आणि सगळ्या पालकांना निरोप लिहिला, 'गट पाडताना माझी चूक झाली. सांगितलेली दोन नावं रद्द. रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर सातवीची सगळी मुलं पाटी-पेन्सिल घेऊन येतील. नावं त्यानंतर ठरतील.'

पालक चिडले. दोघांनी गुरुजींशी बोलणं टाकलं. गुरुजींनी ते सोसलं.

रविवारी चाचणी झाली. आंबा गटातला एक मुलगा पहिला आला. दुसरी आली गोदा.

गुरुजींनी गट मोडले नाहीत. ज्यांना पाढ्यांची गरज होती त्यांना पाढेच दिले. पण फळांची नावं काढून टाकली, दर शनिवारी सगळ्यांना नव्याने पारखलं आणि अवघड गणित सगळ्यांनाच पाठवायला लागले, ज्याला हवं त्याने सोडवावं म्हणून. गोदा तालुक्याची परीक्षा पास झाली आणि जून महिन्यात निवासी शाळेत गेली. जाताना अनुसयाने गुरुजींना एक नवी घागर दिली. गुरुजींनी ती आधी वाजवून बघितली, तशी अनुसया खळखळून हसली.

तात्पर्य: प्रत्येकाला झेपेल तसं काम वेगळं द्यावं, पण कोणाला काय झेपतं हे एकदाच पाहून कायमचं ठरवू नये.