खुडूक नव्हती ती

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधी, नदीकाठच्या एका गावात धुरपामावशी राहायची. तेव्हा राजा कोण होता ते विचारू नका. कोंबड्यांच्या गोष्टीत राजाचं काय काम!

मावशीचं नाव पाच गावांत होतं ते एका विद्येमुळे. कोंबडी खुडूक झाली, अंडी द्यायची सोडून दिवसभर खुराड्यात फुगून बसली, की बाया तिला काखोटीला मारून मावशीकडे यायच्या. मावशी तिला अंगणातल्या हौदाच्या गार पाण्यात तीनदा बुचकळायची, नाकपुडीत पीस ओवायची आणि दोन दिवस बांबूच्या पालथ्या डालग्याखाली कोंडायची. तिसऱ्या दिवशी कोंबडी सुतासारखी सरळ!

"कोंबडीचं मला सांगू नका," मावशी म्हणायची. "तिच्या मनात काय आहे ते तिच्याआधी मला कळतं."

आता असं बोलणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार?

मावशीच्या स्वतःच्या दोनच कोंबड्या होत्या. एक तांबडी, एक करडी. एकाच उबवणीच्या. बाकीची पिल्लं घारीने नेली, आणि उरलेल्या या दोघी एकमेकींना धरून वाढल्या. राखेत लोळायच्या त्या मिळून. संध्याकाळी तांबडी आत शिरल्याशिवाय करडी खुराड्यात पाऊल टाकायची नाही.

मावशीची लेक शेवंता नदीपलीकडच्या गावात दिलेली होती. ती माहेरपणाला आली, चार दिवस राहिली. निघताना मावशीने तांबडीचे पाय बांधले आणि तिला लेकीच्या हातात दिलं.

"आई, एकटीला नको गं," शेवंता म्हणाली. "तिला करमायचं नाही."

मावशी खो खो हसली. "अगं, कोंबडी ती! कोंबडीला कसलं आलंय करमणं? ने गुपचूप."

शेवंता तांबडीला घेऊन गेली. करडीने त्या दिवशी सारं अंगण पालथं घातलं. सरपणामागे पाहिलं, गोठ्यात पाहिलं, ओरडून ओरडून घसा बसवला. दुसऱ्या दिवशी ती गप्प झाली. तिसऱ्या दिवशी वाटेकडे तोंड करून, पिसं फुगवून जी बसली, ती उठेचना. दाणा नाही, पाणी नाही, अंड्याचं तर नावच नको.

"खुडूक झाली बया," मावशी म्हणाली आणि तिने करडीला पाण्यात बुचकळलं.

शेजारी कोंडीबा नावाचा म्हातारा टोपल्या विणत बसायचा. बोलायचा कमी, पण त्याचं लक्ष असायचं. तो म्हणाला, "धुरपाबाई, चुकत असेन तर माझा कान धरा. पण खुडूक कोंबडी अंड्यांच्या जागेवर बसते. हात घातला की चोच मारते. ही वाटेकडे बघत बसलीय आणि चोचसुद्धा मारत नाही. पलीकडची परत आणून बघा की."

"तू टोपल्या वीण, कोंडीबा. कोंबड्यांचं मी बघते."

झालं! करडीच्या नाकपुडीत पीस गेलं आणि अंगावर डालगं पडलं. तिसऱ्या दिवशी मावशीने डालगं उचललं. करडी कशीबशी उठली, झोकांड्या खात अंगणातून चालत गेली आणि पुन्हा त्याच जागी, वाटेकडे तोंड करून बसली.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मावशीने तिला उचललं, तर हाताला नुसती हाडं लागली. तेव्हा कुठे तिला कोंडीबाचं बोलणं आठवलं. तिने घाईघाईने ते पीस काढून टाकलं, रिकामी टोपली काखोटीला मारली आणि नदीची वाट धरली.

शेवंता दारातच भेटली. "तांबडी दे बाई परत," मावशी धापा टाकत म्हणाली. "करडी मरायला टेकलीय."

शेवंताचा चेहरा उतरला. "आई, तांबडी नाही आता. आल्यापासून खातच नव्हती. कोपऱ्यात बसून राहायची. मला वाटत होतं, तिला करमत नाहीये. पण म्हटलं, कोंबड्यांचं आईला जास्त कळतं. मग तुझाच उपाय केला. पाण्यात बुचकळली, पीस ओवलं, डालग्याखाली कोंडली. काल सकाळी डालगं उचललं तर..." तिने दाराशी पडलेलं डालगं पायाने बाजूला सारलं. "माझं चुकलं का गं, आई?"

"नाही, बाळ. माझं चुकलं," मावशी म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते.

परतताना तिला एक जुनी गोष्ट आठवली. याच लेकीने लग्नाच्या पहिल्या वर्षी निरोप धाडला होता, "आई, मला इथे करमत नाही गं." आणि आपण उलट निरोप धाडला होता, "होईल सवय." नदीच्या पाण्यात उभी राहून मावशी रडली.

घरी करडी वाटेकडे डोळे लावून होती. मावशीच्या काखेत टोपली दिसली तशी ती धडपडत उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या घशातून आवाज निघाला. मावशीने टोपली खाली ठेवली. करडीने आत मान घातली. एका बाजूने पाहिलं, मग फिरून दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग टोपलीशेजारीच बसून राहिली.

"नाही आणता आली गं," मावशी म्हणाली.

पुढचे तीन दिवस मावशीने तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. बोटाने थेंब थेंब पाणी पाजलं. चौथ्या दिवशी सकाळी करडीने मावशीच्या मांडीवरच मान टाकली.

बाया अजूनही कोंबड्या घेऊन येत राहिल्या. पण मावशी आता हौदाकडे जात नसे. कोंबडीला जवळ घेई आणि आधी विचारी, "हिच्या सोबतीची कुठे आहे?" बाया हसायच्या. मावशी मात्र उत्तर मिळेपर्यंत थांबायची.

मुलांनो आणि मोठ्यांनो, दुसऱ्याच्या दुःखाला खोड समजून त्यावर उपाय करायला धावू नये. आधी त्याचं काय हरवलं आहे ते विचारावं.