उलट्या वेढ्यांचा शेजारी

दस्तगीरचाचा गिटारी दुरुस्त करायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका इलेक्ट्रिक गिटारीत तारांचा आवाज पकडणारा एक म्हातारा, तारेच्या एकाच वेटोळ्याचा एकेरी पिकअप होता. वाजताना तो घरघरायचा. चाचांनी तारा टेकतात त्या घोडीजवळ दांडगा दुहेरी पिकअप बसवला, तो मुळीच घरघरत नव्हता. तेव्हापासून म्हाताऱ्याला धास्ती लागली, आता आपल्याला काढून टाकणार.

मग चाचांनी मधल्या जागी नवा एकेरी बसवला. म्हाताऱ्याने त्याला निरखून पाहिलं.

“तार उलटी गुंडाळलेली, लोहचुंबकही उलटं! माझ्या जागेवर डोळा आहे ना रे?”

“नाही आजोबा. मला घडवलंच असं.”

“सगळे असंच म्हणतात.”

दांडगा हसला. “अहो, माझ्या पोटातही दोन वेटोळी आहेत, एक सुलट, एक उलट. एकाची घरघर दुसऱ्याची खोडते, म्हणून तर मी घरघरत नाही.”

“म्हणजे तुम्ही दोघं आधीपासून सामील!”

चाचांनी दोन्ही एकेरी एकत्र चालू करून तार छेडली. आवाज स्वच्छ आला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“म्हातारा राहू दे इथंच,” ते म्हणाले.

म्हाताऱ्याचा संशय काही जाईना. “माझी घरघर कोणी चोरली?”

“माझीही गेली की, आजोबा,” मधला शेजारी हळूच म्हणाला.