विरोळ्याचा मंत्र

"शेवटचा शब्द देणार आहात की नाही?" सुबरावनं विचारलं.

तातोबा चिखलात गुडघाभर उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठाचं तळं त्या वर्षी चैत्रातच आटलं. मधोमध दोन खाटांएवढं डबकं उरलं. तळ्यातले सगळे विरोळे, म्हणजे पाण्यातले साप, त्यात गोळा झाले होते. काठावर बगळे, वर घारी. रोज चार-पाच विरोळे कमी होत.

तातोबा एकेक विरोळा हातानं धरून रॉकेलच्या जुन्या डब्यात टाकत. मी मठात पडेल ते काम करी; डबा भरला की तो मठामागच्या विहिरीत रिकामा करून येई. तातोबांचं वय ऐंशीच्या पुढं. दोन्ही हात रक्तानं माखलेले. विरोळ्याला विष नाही, पण तो चावरा आहे. धरला की चावतोच.

सुबराव त्यांचा शिष्य. बारा वर्षांपूर्वी त्यानं सापाचा मंत्र घेतला होता. या मठाची रीत अशी, की गुरू मंत्र देतो आणि शेवटचा शब्द मागे ठेवतो. शिष्यानं परत येऊन मागितला तरच तो द्यायचा.

बारा वर्षांत सुबराव आला नव्हता. त्याला गरज वाटली नव्हती. सात गावांत त्याचं नाव झालं होतं.

"किती जणांचं विष उतरवलंस?" तातोबांनी विचारलं.

"अकरा. अकराही आपल्या पायांनी घरी गेले."

"पहिल्याला कुठं चावला?"

"ओढ्यात. खेकडे धरताना."

"दुसऱ्याला?"

"भाताच्या खाचरात. चिखलणी चालली होती."

"तिसऱ्याला?"

"बाई होती. पाणवठ्यावर धुणं धूत होती."

"चौथ्याला?"

"तोही ओढ्यातच."

"सगळे पाण्यातलेच का रे?"

"पाण्यातले असतील. पण मान चपटी करून उभा राहिला, असं सगळ्यांनीच सांगितलं. नाग होता."

तातोबांनी पाण्यात हात घातला. हातभर लांबीचा विरोळा वर काढला. अंगावर काळे चौकडे. त्यानं मान उचलली, चपटी केली आणि तोंड वासलं.

"असा?"

सुबराव दोन पावलं मागे सरला.

"धर."

"मी साप धरत नाही. मी उतरवतो."

"बारा वर्षं उतरवतोस आणि एकदाही हातात धरला नाहीस?"

मला हसू आलं. तातोबांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू डबा ने."

मी डबा नेला, ओतला, परत आलो. दोघे तसेच उभे होते. एक चिखलात, एक काठावर.

"बारावा कोण?" तातोबा म्हणाले.

"मी अकरा म्हणालो."

"अकराच असते तर तू आला नसतास."

सुबरावनं डोक्यावरची टोपी काढली. मुंडण केलेल्या डोक्यावर पंधरा-वीस दिवसांचे खुंट आले होते.

"आण्णा गेला."

तातोबांच्या हातातला विरोळा सुटून पाण्यात पडला.

आण्णा म्हणजे सुबरावचा थोरला भाऊ हिंदुराव. बाप गेल्यावर त्यानंच सुबरावला वाढवलं. बारा वर्षांपूर्वी नारळ घेऊन तोच त्याला मठात घेऊन आला होता. मंत्र दिला तेव्हा दाराबाहेर उन्हात बसून होता.

"काय चावलं?"

"घोणस. गवताच्या गंजीत हात घातला त्यानं. मी तिथंच होतो. कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारत होती."

"मग?"

"ओट्यावर बसवलं. मंत्र धरला."

"किती वाजले होते?"

"न्याहारी व्हायची होती."

"कुठवर म्हणत होतास?"

"दिवस कलेपर्यंत."

"दवाखाना किती लांब?"

"गाडीनं अर्धा तास."

"गाडी नव्हती?"



"होती... शाळेचे गुरुजी मोटरसायकल घेऊन आले होते. दारात चालू ठेवली होती. मीच म्हणालो, गाडी बंद करा. आवाजानं मंत्रात खंड पडतो."

"केली त्यांनी?"

"केली. गावात माझा शब्द कुणी मोडत नाही."

"आणि हिंदुराव?"

"तो म्हणाला, सुबराव सांगतो तसं करा... हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तरी माझ्याकडं बघून मान हलवत होता. बरं वाटतंय म्हणून."

घार खाली आली. एक विरोळा उचलून घेऊन गेली. तिला हाकलायचं कुणालाच सुचलं नाही.

सुबरावनं टोपी मुठीत आवळली. त्याचा आवाज चढला.

"सगळी रात्र मी विचार करतो, बाबा. मंत्र तोच होता. अकरा वेळा लागला, बाराव्याला का नाही लागला? तुम्ही शब्द मागे ठेवलात. अपुरा मंत्र घेऊन मी आण्णापुढं बसलो. तो शब्द माझ्याजवळ असता तर आण्णा वाचला असता. खरं की खोटं? तेवढंच ऐकायला आलोय."

तातोबांनी वेळ घेतला नाही.

"खरं."

सुबरावला ही अपेक्षा नसावी. तो मटकन काठावर बसला.

"वाचला असता?"

"बहुतेक वाचला असता."

"मग द्या तो शब्द."

"आधी धर."

तातोबांनी दुसरा विरोळा पुढं केला. सुबरावनं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला आणि डोळे मिटून धरला.

विरोळ्यानं अंगठ्याच्या मुळाशी तोंड खुपसलं. सुबरावनं हात झटकला. साप पाण्यात गेला. हातावर रक्ताची बारीक ओळ उठली.

मग मी पाहिलं ते सांगतो. ज्यानं अकरा जणांचं विष उतरवलं म्हणायचे, त्या माणसाला दरदरून घाम फुटला. ओठ पांढरे पडले.

"कसं वाटतंय?"

"जीभ जड झाली... डोळ्यांपुढं अंधार येतोय."

"म्हण मंत्र."

सुबरावनं मंत्र म्हटला. तीनदा म्हटला. घाम थांबला. ओठांना रंग आला. त्यानं दीर्घ श्वास सोडला.

"उतरलं?" तातोबांनी विचारलं.

सुबराव हाताकडं बघत राहिला. सूज नव्हती. कळ नव्हती. चार दातांच्या टोचण्या होत्या, त्याही सुकल्या होत्या.



"चढलंच नव्हतं..." तो म्हणाला.

"आणि त्या अकरा जणांचं?"



तळ्यात विरोळे एकमेकांच्या अंगावरून वळवळत होते. चिखल सुकत चालल्याचा वास येत होता.

"म्हणजे मंत्र खोटा," सुबराव म्हणाला.

"आत्ता काय उतरलं तुझं?"

"भीती."

"मग खोटा कसा? भीतीनंही माणूस दगावतो. मी पाहिलाय. भीती उतरवायला दिला होता तुला. विष उतरवतो असं तू सांगत फिरलास."

"तुम्हीही सांगितलं होतंत! तुमचं हे बोट फुरशानं खाल्लं. मंत्र म्हणत तुम्ही वाचलात. सगळा मुलूख सांगतो."

तातोबांनी डावा हात वर केला. मधलं बोट अर्धंच होतं.

"मंत्र म्हणत होतो, खरं आहे. कुठं बसून म्हणत होतो, ते मुलखानं विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस."

"कुठं?"

"बैलगाडीत. सरकारी दवाखान्याच्या वाटेवर."

सुबरावनं तोंडावर हात ठेवला. तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

"बारा वर्षं..." तो म्हणाला, "बारा वर्षं हे पोटात ठेवलंत? एकदा निरोप पाठवायचा."

"रीत होती. मागितल्याशिवाय द्यायचा नाही."

"आण्णा गेला त्या रीतीत."

"हो."

तातोबा चिखलातून पाय ओढत काठाशी आले. त्यांना उभं राहवत नव्हतं. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

"तुझी घमेंड तुझी. पण रीत मी पाळली. ते पाप माझ्याकडं. वाटून घ्यायला येऊ नकोस."

सुबराव खाली मान घालून बसला होता. मग तो चिखलात उतरला आणि त्यांच्यापुढं गुडघे टेकले.

"आता त्या शब्दाचा मला काय उपयोग?"

"तेरावा येईल. तुझं नाव झालंय, उद्याच येईल. कान इकडं कर."

शेवटचा शब्द कानातच सांगायचा असतो. पण तातोबांना ऐकू कमी येई, त्यामुळं त्यांचं कानातलं बोलणंही तळ्याच्या पलीकडं जाई. काठावरचे बगळे उठले, तेव्हा मीही ऐकला.

"गाडी चालू कर."