गोठलेले तेल

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या दारी चाळिशीचा एक माणूस आला आणि म्हणाला, "मला इथं ठेवून घ्या. शिकेन, पडेल ते काम करेन. फक्त माणसांशी बोलायला लावू नका."

त्याचे नाव गंगाधर. घाटमाथ्यावरच्या त्या गावात वैद्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी त्याला काही विचारले नाही, पण असल्या गोष्टी गावोगाव आपोआप पोहोचतात. दोन वर्षांपूर्वी गंगाधरची सहा वर्षांची मुलगी तापाने गेली. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. त्याने नातलगांना निरोप धाडले, पुढचे सगळे यथासांग केले, आल्यागेल्यांना पाणीसुद्धा विचारले. त्याची पत्नी हे पाहत राहिली आणि दिवसकार्य आटोपल्यावर म्हणाली, "तुम्ही माणूस नाही, दगड आहात." मग ती माहेरी निघून गेली. गंगाधरला तिचा राग आला नाही. त्याला तिचे म्हणणे पटले, आणि तेव्हापासून तो तसाच राहू लागला.

तात्यांनी त्याला औषधांच्या कोठीत नेले. तिथे तीन रिकामी फडताळे होती आणि जमिनीवर दोनशेच्या वर बरण्या, कुप्या नि डबे विखुरलेले होते. "याची वर्गवारी कर," तात्या म्हणाले. "घन एका फडताळात, द्रव दुसऱ्यात, मिश्रणं तिसऱ्यात. द्रव्य ओळखता आलं, की मग पुढचं शिकवतो."

गंगाधरला ते काम मनापासून आवडले. तुरटी, सैंधव, कापूर, गेरू पहिल्या फडताळात गेले. पारा धातू असूनही वाहतो, म्हणून तो दुसऱ्यात. त्रिफळा चूर्ण दिसायला एकजीव, पण त्यात हिरडा, बेहडा आणि आवळा आहेत, हे त्याने बरोबर ओळखले आणि तो डबा तिसऱ्यात ठेवला. दिवसभरात त्याच्या तोंडून एक शब्दही निघत नसे. वस्तू काही विचारत नाहीत, याचे त्याला बरे वाटे.

अडला तो एका कुपीपाशी. खोबरेल होते. थंडीचे दिवस, सकाळी ते पांढरे, घट्ट झालेले असे, म्हणून त्याने कुपी घन पदार्थांत ठेवली. दुपारी पाहतो तो तेल पातळ झालेले. त्याने ती दुसऱ्या फडताळात हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घट्ट. आठ दिवस तो ती कुपी इकडून तिकडे नेत होता. शेवटी त्याने तात्यांना विचारले, "हिची जागा कोणती?"

तात्यांनी गोठलेल्या तेलाची ती कुपी त्याच्या हातात दिली. "दोन कोसांवरच्या वाडीत चांगुणाबाई राहते. तिचे गुडघे धरलेत. तिला हे तेल चोळून ये. पण कुपी पिशवीत घालायची नाही, वाटेत खाली ठेवायची नाही. दोन्ही तळहातांत धरून न्यायची."

"आणि तिथं तेल गोठलेलंच असलं तर? चुलीपाशी धरू का?"

"नाही. चुलीपाशी न्यायचं नाही."

गंगाधरला याचा अर्थ कळला नाही, पण तो निघाला. वाट उतरणीची होती. धुके होते. सुरुवातीला काच इतकी गार होती की बोटे बधिर झाली. वाडीत पोहोचून त्याने कुपी कलती केली, तेव्हा तेल सरसर वाहिले.

चांगुणाबाई एकटीच राहत होती. ती पाय पसरून बसली आणि गंगाधर तेल चोळू लागला. थोड्या वेळाने म्हातारी म्हणाली, "हात किती ऊन हायेत रं तुझं! लेकराच्या बापाचं हात कळत्यात. किती पोरं तुला?"

गंगाधरचे हात थांबले.

"एक मुलगी होती," तो म्हणाला.

"नाव काय तिचं?"

दोन वर्षांत त्याने ते नाव उच्चारले नव्हते. "कुमुद," तो म्हणाला. गुडघ्यावर थांबलेल्या त्याच्या हातावर म्हातारीने आपला हात ठेवला.

तिन्हीसांजेला तो परतला. तात्या ओसरीवर बसले होते.

"तेल वितळलं होतं?"

"हो."

"कशानं?"

गंगाधर आपल्या तळहातांकडे पाहत राहिला. मग तात्या म्हणाले, "बाबा, घन आणि द्रव या पदार्थाच्या अवस्था आहेत. ज्या घडीला पाहशील, त्या घडीपुरत्या खऱ्या. गारठ्यात तेल गोठलं, म्हणून त्याचं तेलपण गेलं नाही. तुझ्यावर गारठा आला, तू गोठलास. त्या घडीला कुणीतरी पाहिलं आणि दगड म्हणालं. तिचीही चूक नाही, तीही त्याच गारठ्यात उभी होती. पण तिनं तुला एकदाच तसं म्हटलं. नंतरची दोन वर्षं तू स्वतःच स्वतःला त्या फडताळात ठेवलंस. ज्या हातांच्या उबेनं तेल वितळतं, ते दगडाचे असतील का?"

सकाळी उजाडताच गंगाधर पत्नीच्या माहेरच्या वाटेला लागला.

ती अंगणात तांदूळ पाखडत होती. त्याला पाहून तिचे हात थांबले. वाटेत त्याने बोलायचे बरेच काही ठरवले होते. त्यातले काहीच आठवेना. "कुमुद..." एवढे म्हणून तो पायरीवर बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागला.

ती बराच वेळ जागची हलली नाही. मग सूप बाजूला ठेवून उठली आणि त्याच पायरीवर येऊन बसली. दोघांच्या मध्ये एक लहान मूल मावेल, एवढी जागा सोडून.