खुडूक कोंबड्यांची मतं

फार जुनी गोष्ट. तेव्हा खुराड्यातही निवडणूक होई. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत केव्हाही उकिरड्यावर येऊन आपापल्या उमेदवाराच्या बाजूला एक पीस टाकून जायचं. जी येणार नाही तिचं मत तुरेवाल्या कोंबड्याला, असा रिवाज. त्यामुळे दाणे आधी तुरेवाले टिपत आणि उरलासुरला कोंडा बायकांच्या वाट्याला येई.

त्या वर्षी कबरी कोंबडी उभी राहिली आणि सपाटून हरली. तुरेवाला कुंपणावर चढून आरवला, "आता गुमान अंडी उबवा!"

कबरी तणतणत डालग्यांकडे गेली. तिथे अंड्यांवर खुडूक बसलेल्या साऱ्याजणी माना खाली घालून होत्या.

"रागावू नकोस गं," ढवळी म्हणाली. "आम्ही उठलो असतो तर अंडी गार पडली असती."

कबरी थबकली. प्रचारात ती उकिरडाभर ओरडत फिरली होती. इथे मात्र एकदाही फिरकली नव्हती.

"चुकलंच माझं. ऊठ, ढवळे!"

"आणि अंडी?"

"मी बसते की!"

ढवळी भीतभीत उठली, अंगणात चक्कर मारून धावत परत आली आणि अंड्यांना चोच लावून किंचाळली, "अगं, उबदार आहेत!" मग एकच कलकलाट उडाला. "आता मी!" "माझी तू सांभाळ!" दिवसभर नुसती अदलाबदल.

संध्याकाळी दाणे पडले तेव्हा तुरेवाला डोकावला. "निवडणूक संपली ना? मग हा गोंधळ कसला?"

"तालीम," ढवळीच्या अंड्यांवर बसलेली कबरी म्हणाली. "पुढच्या खेपेला आळीपाळीनं सगळ्याजणी येणार आहोत."

तो हसत वळला. अंगणात ढवळी दाणे टिपत होती. त्याच्या आधी.